सिस्टरना जे कळते ते कागदावर कधी येणार?

गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या द्यायच्या, हे आपल्या देशात १९७० पासून ठरलेले आहे. रक्तक्षय रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम त्या वर्षी सुरू झाला आणि २०१८ मध्ये ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या नावाने त्याला नव्याने जोर देण्यात आला. गोळी स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि नेमाने घेतली तर गुण देते, याबद्दल दुमत नाही. तरीही २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी निघाले. आधीच्या पाहणीपेक्षा थोडे जास्तच. गरोदरपणात शंभर किंवा त्याहून अधिक दिवस गोळ्या घेतल्याचे सांगणाऱ्या माता ४४.१ टक्के. पाहणीने आपले काम चोख केले: किती जणींनी गोळ्या घेतल्या, किती जणींनी नाही, ते सांगितले. का घेतल्या नाहीत हे सांगणे तिचे कामच नव्हते. ते ठाऊक असते उपकेंद्रातल्या एएनएम सिस्टरला. गोळीने मळमळते, शौचाला काळे होते म्हणून बाई घाबरते, बाळ पोटात मोठे झाले तर बाळंतपण अडेल, असे घरातले वडीलधारे माणूस बजावते, आणि सकाळी रिकाम्या पोटी कामावर जाणारीला ‘जेवणानंतर एक’ ही सूचना पाळायची तर आधी जेवण वेळेवर मिळायला हवे. सिस्टर हे ऐकत असते. तिच्या रजिस्टरमध्ये मात्र वाटलेल्या गोळ्यांना रकाना आहे, या ऐकलेल्याला नाही.

हा रकाना निर्माण करण्याचे काम खरे तर नर्सिंगच्या संशोधनाचे. ते संशोधन आपल्याकडे होत नाही असेही नाही. एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला थिसिस लिहावाच लागतो. पण कोणत्याही नर्सिंग कॉलेजच्या लायब्ररीत थिसिसचे कपाट उघडून पाहा. ‘अमुक शहरातील निवडक रुग्णालयांतील मातांच्या तमुक विषयावरील ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता’ या साच्यातली शीर्षके ओळीने सापडतील; विषय आणि शहर तेवढे बदलते. कृतीही ठरलेली. पन्नास-साठ जणी निवडायच्या, बहुपर्यायी प्रश्नांची प्री-टेस्ट घ्यायची, फ्लॅशकार्ड दाखवून शिकवायचे, आठवड्याभराने त्याच प्रश्नांची पोस्ट-टेस्ट घ्यायची. गुण वाढतात. न वाढून सांगतात कोणाला? नुकतेच शिकवलेले आठवड्याने विचारले तर कोणीही चार उत्तरे जास्त देईल. मग ‘टी’ची किंमत निघते, ती लक्षणीय ठरते, तक्ते आणि पाय-चार्ट लागतात, व्हायवा होते आणि बाइंड केलेला ग्रंथ कपाटात जातो. बाळाला चीक पाजावा, या विधानापुढे ‘बरोबर’ अशी खूण करणारी आई घरी गेल्यावर बाळाला आधी मध चाटवला जातो की नाही, चाटवला तर कोण चाटवते, आणि ‘नको’ म्हणण्याची त्या घरात तिची टाप आहे का, हे त्या ग्रंथात कुठेच नसते. तिच्या ज्ञानात खोट नव्हतीच. खोट असलीच तर ती कुठे आहे हे शोधायला प्रश्नावली पुरत नाही. तिच्याशी, तिच्या सासूशी बसून बोलावे लागते आणि ते बोलणे शिस्तीने टिपावे लागते.

अशा शिस्तशीर ऐकण्या-पाहण्याला गुणात्मक संशोधन म्हणतात. ते आपल्याकडे अभ्यासक्रमात आहे, परीक्षेला त्यावर टीपही येते. पण थिसिसची वेळ आली की ‘त्यात कशाला पडतेस, स्टॅटिस्टिक्स नसेल तर एक्स्टर्नल अडवतील’ असा सल्ला मिळतो. या सल्ल्यातली गंमत अशी, की जगभरच्या समाजशास्त्रज्ञांनी उचललेली या प्रकारची एक प्रमुख पद्धत नर्सिंगच्याच शाळेत घडली. १९६० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नर्सिंग स्कूलमध्ये ॲन्सेल्म स्ट्राउस आणि बार्नी ग्लेसर हे दोन समाजशास्त्रज्ञ आणि जीन क्विंट ही नर्स रुग्णालयांत मरणासन्न माणसांभोवती काय घडते ते पाहत होते. आधी सिद्धान्त घेऊन त्याला पुरावा शोधायचा, ही रीत त्यांनी उलटवली. वॉर्डात पाहिलेल्या-ऐकलेल्यातूनच सिद्धान्त उभा करायचा, आणि तो पुढच्या निरीक्षणाने पुन्हा तपासायचा. १९६५ मध्ये त्यांचे मरणाच्या जाणिवेवरचे पुस्तक आले, १९६७ मध्ये पद्धतीचे. ‘ग्राउंडेड थिअरी’ हे नाव तिथून रूढ झाले. त्याच वर्षी क्विंटने नर्स आणि मरणासन्न रुग्ण यांच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. दोघा पुरुषांची नावे पद्धतीला चिकटली, नर्सचे नाव मागे पडले. हेही आपल्या ओळखीचेच.

त्यांना जे दिसले ते मराठी घरातल्या माणसाला परके वाटणार नाही. रुग्णाला आपण जाणार हे माहीतच नसते, ही एक अवस्था. त्याला शंका येते आणि तो आडून आडून चाचपतो, ही दुसरी. तिसरीत रुग्णाला माहीत असते, नातेवाइकांना आणि सिस्टरलाही माहीत असते, आणि तरी सगळे मिळून काही नसल्याचे सोंग करतात. चौथीत उघड बोलणे होते. ‘सिस्टर, बाबांना कॅन्सर आहे हे सांगू नका’ असे दारात गाठून सांगणारा मुलगा आणि ‘माझ्या मुलाला सांगू नका, पण किती दिवस राहिलेत?’ असे रात्री हळूच विचारणारे बाबा, या दोघांमध्ये उभी असलेली सिस्टर आपल्या कॅन्सर रुग्णालयांत काय करते? काय बोलते, काय टाळते, सलाईनची गती तपासण्याच्या निमित्ताने खोलीतून कशी निघून जाते? हे पाच-सहा पर्यायांतून एकावर खूण करून कळणारे नाही. आणि हे कळल्याशिवाय उपशामक सेवेचे प्रशिक्षण आखले, तर त्यात स्लाइड्स असतील, सिस्टरची अडचण नसेल.

याहून बोचरे उदाहरण लंडनचे आहे. एका मोठ्या शिक्षण-रुग्णालयात नर्सिंगच्या विद्यार्थिनींच्या नेमणुकांची घडी बसेना, म्हणून १९५० च्या दशकाच्या अखेरीस इझाबेल मेन्झीस या मनोविश्लेषक संशोधिकेला बोलावण्यात आले. जवळजवळ एक तृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण अर्धवट सोडून जात होत्या, हा आकडा रुग्णालयाकडे होताच. मेन्झीस नर्सेसशी बोलत राहिल्या, वॉर्डात बसून पाहत राहिल्या. १९६० मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की दुःख आणि मृत्यू रोज हाताळण्याची जी धास्ती असते, तिच्यापासून वाचण्यासाठी रुग्णालयाने कामाची रचनाच तशी करून ठेवली होती. एका रुग्णाची पूर्ण सेवा एका नर्सकडे न देता कामाचे तुकडे पाडायचे, म्हणजे कोणाशी जीव जडणार नाही. माणसाला नावाने न ओळखता ‘दहा नंबरचे लिव्हर’ म्हणायचे. प्रत्येक निर्णय वरच्याकडून तपासून घ्यायचा. या भिंतींनी धास्ती कमी झाली नाही. ज्या समाधानासाठी मुली या कामाकडे येतात, ते समाधान मात्र गेले. आपल्या वॉर्डांतही ‘सात नंबरचा ॲपेंडिक्स’ असतो आणि आपल्याकडच्या नर्सेसही नोकऱ्या सोडतात, परदेशी जातात. किती जातात याची चर्चा अधूनमधून होते. पगार हे कारण खरे आहेच. पण तेवढेच आहे असे आपण धरून चाललो आहोत, आणि धरून चालणे म्हणजे संशोधन नव्हे.

नर्सकडे असलेले ज्ञान किती बारीक असते याचा एक दाखला मुंबईचा आहे, आणि तो आपल्यापर्यंत पोहोचला तो न्यायालयाच्या वाटेने. अरुणा शानबाग खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी दिला. १९७३ मधल्या हल्ल्यानंतर केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी आपल्या या सहकारिणीला सांभाळले, तिच्या २०१५ मधल्या मृत्यूपर्यंत. तिच्या इच्छामरणासाठीच्या याचिकेत तिच्या अवस्थेचे एक वर्णन होते, रुग्णालयाच्या प्रतिज्ञापत्रात दुसरे. दोन्हींत इतका फरक, की न्यायालयाला तीन डॉक्टरांचे पथक नेमावे लागले. त्या प्रतिज्ञापत्रातला एक तपशील असा: शौचाला वा लघवीला लागली की ती विशिष्ट आवाज करते, आणि परिचारिकांना तो आवाज ओळखू येतो. इतक्या वर्षांत तिला एकही बेडसोअर झाला नाही, हेही रुग्णालयाने न्यायालयापुढे ठेवले. बेडसोअर न होणे हे मोजता येते. तो आवाज ओळखण्याचे मोजमाप कसे करणार? तो कधी ओळखू येऊ लागला, एका पिढीच्या सिस्टरने पुढच्या पिढीला तो कसा शिकवला, ड्युटी बदलताना हँडओव्हरमध्ये काय सांगितले जाई? जगातल्या कुठल्याही नर्सिंग कॉलेजला शिकवता येईल असा हा ऐवज आहे. निकाल आला तेव्हा इच्छामरणावर रकानेच्या रकाने भरून आले, ते योग्यच होते. परिचारिकांच्या वाट्याला ‘सेवाभाव’ आला. दर १२ मे रोजी हातात दिवा देऊन त्यांची पूजा करण्याची आपली रीत आहे. त्यांना काय कळते हे विचारण्याची नाही. ज्यांच्या स्मरणार्थ तो दिवा लागतो त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल सैनिकांच्या मृत्यूंचे तक्ते काढणाऱ्या पक्क्या संख्याशास्त्री होत्या, आणि १८५९ च्या आपल्या पुस्तकात रुग्णाचे निरीक्षण कसे करावे हे बारकाईने सांगणाऱ्याही त्याच होत्या.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: पंधरा-वीस माणसांशी बोलून काय सिद्ध होणार? साठ लाखांच्या जिल्ह्याला वीस बायांचे म्हणणे कसे लावायचे? आक्षेप चुकीच्या दाराशी उभा आहे. किती बायका गोळी टाळतात, हे वीस मुलाखतींतून कोणी काढू पाहत असेल तर त्याला घरीच पाठवावे. पण गोळी टाळण्याची कारणे कोणकोणत्या प्रकारची असतात, ती एकमेकांत कशी गुंततात, हा प्रश्न असेल तर मुद्दाम वेगवेगळ्या परिस्थितीतल्या बायका निवडायच्या आणि नवे काही हाती लागेनासे होईपर्यंत बोलत राहायचे, हेच बरोबर उत्तर आहे. सापडलेली कारणे किती पसरलेली आहेत हे मग हजार जणींच्या पाहणीने मोजावे. ‘सिस्टरला काहीतरी ठीक वाटत नाही’ या गोष्टीचे असेच झाले. पॅट्रिशिया बेन्नर यांनी १९८४ च्या पुस्तकात अनुभवी नर्सेसच्या कथनांतून दाखवले, की त्यांना रुग्ण बिघडणार याची चाहूल लागते आणि ती नेमकी कशावरून हे त्यांना नेहमीच सांगता येत नाही. पुढे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी अशा काळजीमागच्या खुणांवरचे अभ्यास एकत्र केले, २०१५ मध्ये त्याचा आढावा छापला आणि त्यातून श्वासातला बदल, रुग्णाची बेचैनी, ‘मला बरे वाटत नाही’ हे त्याचे स्वतःचे म्हणणे अशा नऊ खुणांचे मोजता येणारे साधन तयार केले. आधी कोणी नर्सचे ऐकून घेतले नसते तर मोजायला काही उरलेच नसते. जागतिक आरोग्य संघटनेनेही गरोदरपणातील तपासणीच्या २०१६ च्या शिफारशी करताना, स्त्रियांना या सेवेकडून काय हवे असते याविषयीचे गुणात्मक अभ्यास आधी जमवले. अशा पुराव्यावर किती विसंबावे हे ठरवण्याची स्वतंत्र पद्धतही आता आहे.

आकड्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डच्या रुग्णालयात काहीतरी बिघडले आहे, ही घंटा आधी आकड्यांनी वाजवली होती. २००७ मध्ये तिथला मृत्यूदर अपेक्षेपेक्षा जास्त दिसला. व्यवस्थापनाने नोंदींच्या कोडिंगमध्ये चूक असेल म्हणून तो बाजूला सारला, आणि २००८ मध्ये त्या रुग्णालयाला अधिक स्वायत्ततेचा मानाचा दर्जाही मिळाला. आकड्याशी असा वाद घालता येतो. पाण्याचा पेला हात पोहोचणार नाही इतका लांब ठेवलेला, घंटा वाजवूनही कोणी येत नाही, वृद्ध आई ओल्या अंथरुणात पडून आहे, असे नातेवाईक एकामागून एक सांगू लागले तेव्हा त्याला कोडिंगची चूक म्हणता येईना. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या चौकशीचा २०१३ चा अहवाल २९० शिफारशींचा आहे. आकड्याने शंका घेतली, साक्षींनी काय घडले ते दाखवले. दोघांपैकी एकालाच विज्ञान म्हणण्याचा हट्ट कशासाठी?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्यात तथ्य आहे. मुलाखत घेणारा आपल्याला हवे तेच ऐकतो, हवे तेच वेचतो. मग हे संशोधन की शोधलेल्या वाक्यांनी सजवलेले स्वतःचे मत? गुणात्मक म्हणून खपणारे पुष्कळसे लेखन या टीकेला पात्र आहे. दहा मुलाखती, पाच ‘थीम’, त्याही पुस्तकातून आधीच ठरलेल्या, प्रत्येकीखाली एकेक हळवे वाक्य, की झाला निबंध. त्याला नापास करण्याचे धैर्य गाईडने दाखवले पाहिजे. पण कसोट्या नाहीत म्हणून नापास करता येत नाही, ही सबब खोटी आहे. लिंकन आणि गुबा यांनी १९८५ मध्येच विश्वासार्हतेच्या कसोट्या मांडल्या. मुलाखतींचा अहवाल लिहिताना काय काय उघड केले पाहिजे याची ‘कोरेक’ ही ३२ मुद्द्यांची यादी २००७ पासून उपलब्ध आहे. मुलाखत कोणी घेतली, तिचा रुग्णांशी आधीचा संबंध काय, कितींनी नकार दिला, कोडिंग किती जणांनी केले, निष्कर्षाच्या विरुद्ध जाणारी मुलाखत कुठे गेली, हे सगळे त्यात विचारले जाते. प्रश्नावलीवाल्या थिसिसला यातले निम्मे प्रश्न तरी आपण विचारतो का? ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोनच पर्याय ठेवणाऱ्याचा पूर्वग्रह त्या पर्यायांतच दडलेला असतो; दशांशचिन्हापुढे दोन अंक आले की तो दिसेनासा होतो इतकेच. हा दुराग्रह फक्त आपला नाही. ‘बीएमजे’ या ब्रिटिश नियतकालिकाने गुणात्मक निबंधांना अगदी कमी प्राधान्य असल्याचे कळवले, तेव्हा २०१६ मध्ये ११ देशांतल्या ७६ अभ्यासकांना त्याच्या संपादकांना उघड पत्र लिहावे लागले.

खऱ्या अडचणी वेगळ्याच आहेत, आणि त्यांच्याबद्दल बोलणे कमी होते. खाटांपेक्षा जास्त रुग्ण असलेला वॉर्ड आणि रात्रपाळीला मोजून दोन सिस्टर, अशा ठिकाणी तासभर ऐकत बसायला कोणाला सवड आहे? म्हणून हे काम ड्युटीवरच्या सिस्टरच्या गळ्यात मारता कामा नये. थिसिससाठी आजही जे महिने जातात तेच यासाठी वापरायचे आहेत. दुसरी अडचण अधिकाराची. जिच्या हातात इंजेक्शन आहे तिलाच रुग्ण ‘इथली सेवा वाईट आहे’ असे सांगणार नाही. आणि जिचा गोपनीय अहवाल इनचार्ज सिस्टर लिहितात ती त्यांच्या वॉर्डाबद्दल खरे बोलणार नाही. आठ सिस्टर असलेल्या वॉर्डात नाव बदलूनही बोलणारी ओळखू येते. मुलाखत दुसऱ्या विभागातल्या व्यक्तीने घेणे, ओळख पटेल असा तपशील काढणे, रेकॉर्डिंग कोणाकडे राहील हे आधी लिहून देणे, या गोष्टी नीतिमत्ता समितीने खऱ्या अर्थाने तपासाव्यात, नुसता शिक्का मारू नये. तिसरी अडचण भाषेची. बाई बोलते अहिराणीत, वऱ्हाडीत किंवा गोंडीत; थिसिस लिहायचा इंग्रजीत. मधल्या मध्ये तिच्या बोलण्यातला जीव जातो आणि ‘पेशंट एक्स्प्रेस्ड ॲन्झायटी’ एवढे उरते. मूळ बोलणे देवनागरीत थिसिसमध्ये छापलेच पाहिजे, असा नियम विद्यापीठाला एका परिपत्रकाने करता येईल.

संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा केला. १९४७ च्या कायद्याच्या जागी आलेल्या या रचनेत नर्सिंग शिक्षणाची घडी नव्याने बसवता येईल. त्यात या पद्धतींवर एक प्रकरण वाढवण्याची मागणी मी करत नाही, प्रकरण आहेच. मुलाखत घेणे, ऐकलेले शब्दशः उतरवणे, वॉर्डात बसून निरीक्षण टिपणे याचे प्रात्यक्षिक हवे, जसे ड्रेसिंगचे असते. ते शिकवू शकणारे शिक्षक आधी तयार करावे लागतील, आणि त्यासाठी समाजशास्त्राच्या विभागांची दारे ठोठावायला लाज वाटू नये. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आपल्या परीक्षकांना स्पष्ट लेखी कळवावे, की स्टॅटिस्टिक्स नाही एवढ्या कारणावरून कोणताही थिसिस अडवता येणार नाही. आणि गाईड मंडळींना एक विनंती: पुढच्या वेळी एखादी विद्यार्थिनी पंधरा मुलाखतींची सिनॉप्सिस घेऊन समोर उभी राहिली, तर ‘सॅम्पल वाढवा’ असा शेरा मारण्यापूर्वी तिने प्रश्न कोणता विचारला आहे तेवढे वाचा.